स्पीकरचा आवाज घुमत असल्यास

नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून आधी वीतभर, मग हातभर पुढे सरकवून पाहावा. कोपरा खर्जातले स्वर फुगवतो आणि त्यांत गाणाऱ्याचे शब्द बुडतात. टेबल थरथरत असेल, तर स्पीकरखाली रबराचे चार तुकडे ठेवावेत. उलट, खर्ज अगदीच पोकळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, हे अ‍ॅम्प्लिफायर बंद करून तपासावे. ही चूक वाटते त्याहून अधिक घरांत सापडते. एका वेळी एकच बदल करून तेच गाणे तेवढ्याच मोठ्या आवाजात ऐकावे, कारण किंचित मोठा आवाजही कानाला उगाचच सरस वाटतो.