अपराइट (उभ्या ठेवणीचा) पियानो घेताय? आधी हे बघून घ्या
बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बहुतेकांचा हात पेटीवर बसलेला असतोय, त्यामुळं पियानो बघायला गेलं की पॉलिशच बघत बसतात, तसं करू नका. आधी उंची विचारा. यामाहाचं यू१ मॉडेल १२१ सेंटीमीटर, यू३ १३१, कवाई के३०० १२२ आणि के५०० १३०. उंच पियानोत खर्जाच्या तारा लांब बसतात, साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) मोठा मिळतो, म्हणून खालचे सूर भरून येतात, हा फरक कानाला लगेच कळतोय.

मग ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून अगदी हळू दाबा, एकच पट्टी पटापट वाजवा, अडकते का बघा. कवाईच्या अ‍ॅक्शनमध्ये (म्हणजे पट्टी दाबली की हातोडी तारेवर मारणारी आतली यंत्रणा) कार्बन फायबर मिसळलेलं एबीएस प्लास्टिक आहे, ते लाकडासारखं दमटपणानं फुगत नाही आणि आपल्याकडचा पाऊस तर माहितीच आहे की.

सेकंडहँड घेताना सिरियल नंबरवरून वर्ष काढा, ट्यूनिंग पिना (तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या) सैल असतील तर स्वस्तात मिळाला तरी सोडा, सूर टिकतच नाही ओ. ट्यूनर बाहेरून येणार असेल तर त्याचा गाडीखर्च, वर्षातनं दोनदा ट्यूनिंग आणि जिन्यावरनं २०० किलोच्या वर वजन चढवायची मजुरी, हे सगळं किमतीत धरूनच दोन पियानोंची तुलना करा.