कुत्र्याला चघळायला काय द्यावं? गोव्यातल्या घरांसाठी

कुत्र्याला चावायला काहीतरी लागतंच. तुम्ही दिलं नाही तर तो स्वतः शोधतो: चप्पल, सोफ्याचा पाय, पडवीतल्या आरामखुर्चीचा वेत. तेव्हा द्यायचं की नाही यावर खल करण्यात अर्थ नाही, काय द्यायचं ते ठरवायचं. दुकानात गेलं की आधी चव आणि किंमत सांगितली जाते. माझं म्हणणं, आधी कडकपणा बघा, मग आकार, आणि चव शेवटी. चघळण्यातून होणारे मोठे अपघात बहुतेक दोनच प्रकारचे असतात. वस्तू फार कडक असली तर दात तुटतो, आणि तुकडा अख्खा गिळला गेला तर घशात नाहीतर आतड्यात अडकतो.

पायरी १: आपला कुत्रा कसा चावतो ते बघा

एक जाडसं गाजर धुऊन त्याच्यासमोर ठेवा आणि बाजूला बसून बघा. काही कुत्रे पुढच्या पंजात धरून कडेकडेने कुरतडतात. काही दाढांखाली घालून कडाकडा फोडतात. काही मात्र दोनदा दात लावल्यासारखं करतात आणि गिळून मोकळे होतात. लॅब्रॉडॉर आणि बीगल या गिळणाऱ्यांत हटकून सापडतात. रस्त्यावर वाटणी करत वाढलेला गावठी कुत्रा दत्तक घेतला असेल तर तोही बऱ्याचदा याच पंथाचा. गिळणाऱ्याला तुटून मोठे तुकडे पडणारी कोणतीच वस्तू देऊ नका, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

वयही बघा. पिल्लाचे २८ दुधाचे दात पातळ आणि टोकदार असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. त्यावर ओलं करून फ्रीझरमध्ये ठेवलेलं जाड फडकं किंवा पिल्लांसाठीचं मऊ रबरी खेळणं पुरतं. फडकं तुमच्या नजरेसमोरच द्या, धागे सुटायला लागले की काढून घ्या.

पायरी २: नख लावून बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि तिला खर्च शून्य. वस्तू हातात घ्या आणि अंगठ्याचं नख तिच्यात जोरात दाबा. खूण उमटली तर ती विचार करण्याजोगी. नख घसरलं तर परत ठेवा. पशुवैद्य आणखी एक युक्ती सांगतात: ही वस्तू आपल्या गुडघ्याच्या वाटीवर मारून घ्यायला तयार आहात का? नसाल तर ती दातांसाठीही फार कडक.

या चाचणीत दुकानातली बरीच महागडी मंडळी नापास होतात. शिंगं, खुर, कडक नायलॉनची हाडं, मोठी नळी हाडं, सगळी बाद. शिंगांचा तर आणखी एक घोळ आहे. चितळ-सांबराच्या शिंगांची विक्री १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार बेकायदा आहे. सत्तरीच्या रानातलं म्हणून कोणी कौतुकाने दिलं तरी घेऊ नका. छुरपी, म्हणजे दुधापासून केलेला हिमालयातला वाळवलेला कडक चीज, नैसर्गिक म्हणून खूप खपतो. घटक चांगले आहेत, पण कोरड्या छुरपीत नख शिरत नाही. जोरात चावणाऱ्या कुत्र्याला मी ती देणार नाही.

दात तुटला हे कळायचं कसं? वरचा ओठ बाजूने हळूच उचला. मागच्या बाजूला एक मोठी, कात्रीच्या पात्यासारखी दाढ दिसते. कडक वस्तू फोडताना सगळा भार तिच्यावर येतो आणि तिच्या बाहेरच्या अंगाची उभी कपची निघते. तुटल्या जागी गुलाबी किंवा काळपट ठिपका दिसला तर आतली नस उघडी पडली आहे. कुत्रा जेवत राहतो, शेपूट हलवत राहतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. तो एकाच बाजूने चावू लागला की संशय घ्या.

पायरी ३: आकार

वस्तू कुत्र्याच्या तोंडापेक्षा लांब असावी आणि अख्खी तोंडात मावू नये. दोन आकारांत अडकलात तर मोठा घ्या. घरात एक मोठा आणि एक छोटा कुत्रा असेल तर खरेदी मोठ्याच्या मापाने करा, कारण छोट्याची वस्तू शेवटी मोठ्याच्याच तोंडात जाते. टेनिस बॉल फेकायला ठीक, चावत बसायला नको. त्याच्या खरखरीत लवेने दात झिजतात.

पायरी ४: घरातल्या आणि परसातल्या वस्तू बाद करा

आपल्याकडे कुत्र्याला विकतचं फार कमी मिळतं, ताटातलं आणि परसातलं जास्त. म्हणून इथे जरा थांबू.

शागुती झाली की हाडं कुत्र्याला, ही घरोघरची रीत. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात. त्या अन्ननलिकेत रुततात किंवा आतडं फाडतात. कोंबडीचं असो, बकऱ्याचं असो वा डुकराचं, शिजवलेलं हाड द्यायचं नाही. हुमणातल्या इसवणाचे काटे आणि कुर्ल्यांची कवचंही त्याच यादीत. घरातली आजी टेबलाखालून हळूच काहीतरी सरकवते. तिला अडवण्यापेक्षा तिच्या हाताशी उकडलेल्या भोपळ्याच्या फोडी ठेवा, दोघंही खूश. चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं गोंयकारी सॉसेज, तर चुकूनही नको. त्यात मीठ, लसूण आणि चरबी मुबलक, शिवाय बांधायचा दोरा.

नारळाचं खोबरं चिमूटभर चालतं, पण सोडण (वरचं तंतुमय साल) आणि करवंटी नाही. सोडणाचे धागे पोटात गुंतून गोळा होतो, करवंटीच्या कडेने हिरडी कापते. आंब्याची कोय चाटायला कुत्र्यांना फार आवडते. गुळगुळीत असल्याने ती सरळ पोटात जाते आणि आतड्यात बसते. मे महिन्यात कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवं, ते यासाठी. पावसाळ्यात भाजलेल्या कणसाचा दांडाही तसाच अडकतो. काजूच्या हंगामात झाडाखालच्या ओल्या बिया तोंडात घेऊ देऊ नका. कवचातल्या तेलाने माणसाची बोटं भाजतात, तर जीभ काय टिकणार.

झाडांच्या फांद्या फेकून आणायला लावण्याचा खेळ परसातल्या लाकडाशी नकोच. कण्हेरीची काडी विषारी असते, तिचा परिणाम हृदयावर होतो. शोभेसाठी लावलेल्या सायकसच्या बिया यकृत निकामी करतात. किनाऱ्यावर फिरायला नेत असाल तर रापणीतून (किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातून) बाजूला फेकलेल्या केंड माशापासून, म्हणजे फुगणाऱ्या पफर फिशपासून, कुत्र्याला लांब ठेवा. त्यातलं विष शिजवून किंवा वाळवून जात नाही आणि त्याला उतारा नाही. आमिष लावलेले गळही वाळूत पडलेले असतात.

जुनी चप्पल मात्र विषारी नाही, फक्त मूर्खपणाची आहे. जुनी आणि नवी यातला फरक कुत्र्याला कळत नाही.

पायरी ५: दुकानात पाकीट वाचा

घटकांची यादी छोटी असावी आणि वाचून कळावी. झायलिटॉल किंवा बर्च शुगर दिसलं की लगेच परत ठेवा. या गोडव्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतालाही धोका असतो. पोकळ खेळण्यात पीनट बटर भरणार असाल तर त्या बाटलीवरची यादीही वाचा. मनुका-बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट नको. (चवथीच्या नेवऱ्यांत मनुका असतात, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.)

गाठी मारलेलं पांढरं हाड, म्हणजे रॉहाइड, सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. गुरांच्या कातड्याचा आतला थर चुन्याच्या पाण्यात प्रक्रिया करून आणि बऱ्याचदा ब्लीच करून ते बनतं. ओलं झालं की लोळागोळा होतं, आणि गिळलेला मोठा तुकडा पोटात सहज विरघळत नाही. "सगळे हेच नेतात" असं सांगितलं जातं. नेऊ देत. डुकराचे कान आणि बुली स्टिकही (बैलाच्या लिंगाची वाळवलेली काडी) जपून. चरबी भरपूर, आणि जंतूंचा प्रश्न वेगळा: २०१९मध्ये अमेरिकेत डुकराच्या कानांशी जोडलेली साल्मोनेलाची लागण झाली आणि दीडशेवर माणसं आजारी पडली. अशी वस्तू हाताळली की हात साबणाने धुवा, रांगत्या मुलाच्या जमिनीवर ती पडू देऊ नका. उघड्या बरणीतला सुटा माल घेऊच नका.

दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डेंटल च्यूंपैकी काहींवर व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिलचं चिन्ह असतं. ही संस्था १९९७पासून दातांवरचा थर किंवा किटण कमी होतं का याचे पुरावे तपासून ते देते. चिन्ह असलं तर उत्तम. तरीही रोज ब्रश करण्याइतका उपयोग कशाचाच नाही.

पायरी ६: रताळ्याच्या पट्ट्या घरीच करा

मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रताळी दिसली की घ्या. स्वच्छ धुऊन उभ्या, सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या पट्ट्या कापा. पातळ कापल्या तर कुरकुरीत होऊन मोडतात. ओव्हन १२० अंशावर ठेवून साधारण तीन तास वाळवा, मध्ये एकदा उलटा. मीठ-तेल काही नको. पट्टी वाकली पाहिजे, तुटता कामा नये.

ओव्हन नसेल तर पोकळ जाड रबरी खेळण्यात दही, उकडलेला भोपळा आणि थोडा भात भरून फ्रीझरमध्ये घट्ट करा. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात यावर कुत्रा बराच वेळ रमतो. खेळणं नखाच्या चाचणीत पास झालेलं असावं.

पायरी ७: किती, कधी, आणि परत कसं घ्यायचं

असल्या खाऊच्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने ६०० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा ६०. एवढ्यात बुली स्टिकचा छोटा तुकडाच बसतो.

घरात माणूस असतानाच द्या. दोन कुत्रे असतील तर दोन खोल्यांत. वस्तू गिळण्याजोगी छोटी उरली की काढून घ्या, अपघात त्या शेवटच्या तुकड्यालाच होतात. तोंडातून ओढून काढू नका. दोन पावलांवर उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका, "सोड" म्हणा, तो तिकडे वळला की उचला. गुरगुरला तर थांबा, रागावू नका. गोवा २०२१मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला असला तरी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा.

पायरी ८: पावसाळ्यात साठवण

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये उघडं ठेवलेलं पाकीट बघता बघता बुरसटतं. हवाबंद डब्यात भरा, घरी केलेल्या पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा. बुरशीचा ठिपका दिसला की पूर्ण वस्तू फेका, तेवढाच भाग कापून देऊ नका.

पायरी ९: अडकलंच तर

कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो आहे, श्वास ओढता येत नाही, हिरड्या निळसर पडल्या आहेत: हे घशात अडकल्याचं लक्षण. तोंड उघडून बघा. वस्तू दिसत असेल आणि हाताला लागत असेल तरच काढा, अंदाजाने बोट घालाल तर ती आणखी आत जाईल. निघत नसेल तर मागचे पाय वर उचलून डोकं खाली करा आणि खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा मारत दवाखान्याकडे निघा.

आतड्यातला अडथळा सावकाश कळतो. पुन्हा पुन्हा उलटी, अन्नाला तोंड न लावणं, शी न होणं, पोट हाताला कडक लागणं. माशाचा काटा लागला की माणसाला भाताचा गोळा देतात, तो उपाय कुत्र्यावर करू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणंही नको, त्यानेच विषबाधा होते. दिवस उलटायची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या, आणि उरलेला तुकडा व पाकीट पिशवीत घालून सोबत ठेवा. आत काय गेलं असेल याचा अंदाज त्यावरून लवकर येतो.