पोरीचा पहिला अक्षरांचा रुमाल

अमळनेरला शिवणकाम शिकवत होते तेव्हा ‘सुस्वागतम्’चा छापील नमुना मी मुलींच्या हातात दिला नाही. पोरीने स्वतःचं वाक्य स्वतः मोजून भरावं, याबाबत मी आजही ठाम आहे. विलायतेतही मुलींकडून मुळाक्षरं आणि आकडे कापडावर भरून घेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1598 सालचा असा एक नमुना आहे. पुढे तिकडे चादरी-कपड्यांवर खुणेची अक्षरं घालता यावीत म्हणून ते शाळांतून शिकवू लागले. आपल्याला मात्र अक्षर पक्कं करून घ्यायचंय.

पांढरं चौकड्यांचं भरतकामाचं कापड, बोथट सुई आणि सहापदरी दोरा घ्या. दोऱ्याचे दोनच पदर ओवा. भरायचं फुलीच्या टाक्याने: एका चौकटीत दोन तिरके टाके एकमेकांवर, म्हणजे एक फुली. लाल दोरा आधी ओल्या फडक्यावर घासून बघा, रंग सुटतो.

वाक्य घरच्या बोलीतलं असू दे: ‘मनं नाव’ (अहिराणीत ‘माझं नाव’) आणि पुढे तिचं नाव. ते आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलने तिलाच काढू द्या. शिरोरेघेला एक चौकट, खाली अक्षराला सहा, वर वेलांटी-मात्रेला तीन, खाली उकाराला दोन आणि दोन मोकळ्या, अशा चौदा झाल्या. कापडात इंचाला चौदा चौकटी असतील तर एक ओळ बरोबर इंचभर उंचीची होते. हा हिशेब तिनेच करायचा, तुम्ही आकडा सांगू नका.

खरी गंमत शिरोरेघेत आहे. मुली ती सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतात आणि ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’. म्हणून ‘भ’ आणि ‘ध’ला डावीकडे दोन चौकटी उघड्या सोडायला लावा. एक सोडली तर लांबून दिसत नाही. वहीत वर्षभर हीच चूक करणारी पोर इथे एकदा टाके उसवते आणि पुन्हा चुकत नाही.

फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. मागे गाठ मारू नका, शेपूट तीन-चार टाक्यांखालून ओवून घ्या.

उन्हाळ्यात सकाळीच बसवा. दुपारी हाताला घाम येतो, पांढरं कापड पिवळं पडतं.

शेवटी गाव आणि साल भरून घ्या. गार पाण्यात धुवा आणि रुमाल पालथा टाकून, खाली जाड टॉवेल घेऊन इस्त्री करा, म्हणजे टाके दबत नाहीत.