पाठीशी कोणाला घ्यायचं? वाइल्ड वेस्टमधले मार्शल पारखण्याची रीत

अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या बंदूकबाज मार्शलांपैकी, म्हणजे तिथल्या कायदारक्षकांपैकी, पाठीराखा म्हणून कोणाला निवडाल, हा वाद रंगला की पहिलं नाव हमखास वाइल्ड बिल हिकॉकचं येतं. ते यादीत सगळ्यात खाली टाका. ५ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावात मार्शल हिकॉकने फिल को या जुगाऱ्याला गोळ्या घातल्या आणि त्याच झटक्यात गर्दीतून धावत येणाऱ्या दुसऱ्या माणसालाही आडवं केलं. तो होता माइक विल्यम्स, हिकॉकच्याच मदतीला निघालेला त्याचा साथीदार. नेम अजिबात चुकला नव्हता, हीच तर अडचण. डिसेंबरात गावाने हिकॉकला नारळ दिला.

म्हणून पहिली पायरी अशी: कोणी किती माणसं मारली ते आकडे बाजूला ठेवा. ते बहुतेक फुगवलेले असतात, आणि खरे असले तरी त्यातून जोडीदार कळत नाही. कोर्टातल्या जबान्या आणि त्या वेळच्या बातम्या वाचा, आणि एवढंच बघा की पहिली गोळी सुटल्यावर हा माणूस कुठे उभा होता आणि शेवटची सुटली तेव्हा कुठे होता. ॲबिलीनमध्येच हिकॉकच्या आधी टॉम स्मिथ मार्शल होता. पिस्तुलापेक्षा मुठीवर भरवसा ठेवणारा, धाडसी गडी. २ नोव्हेंबर १८७० ला तो एका आरोपीला पकडायला गेला, झटापट झाली, बरोबरचा डेप्युटी पळाला आणि स्मिथला कुऱ्हाडीने तोडलं. डेप्युटीचा नेम चांगला होता की वाईट, याला तिथे काडीची किंमत नव्हती.

दुसरी पायरी म्हणजे काम ठरवणं. रस्त्यावर समोरासमोर गाठ आहे, पाठलाग आहे, की कैद्यावर पहारा आहे? तिन्हींना एकच माणूस लागू पडत नाही.

रस्त्यावरच्या गाठीसाठी ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावची चकमक बारकाईने वाचा. २६ ऑक्टोबर १८८१, सुमारे तीस सेकंद, सुमारे तीस गोळ्या. नाव ओ. के. कोरल या घोड्यांच्या तबेल्याचं झालं, पण घडलं ते फ्रीमाँट स्ट्रीटला लागून, फ्लायच्या खाणावळीशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत. शिकारीच्या गोष्टीत असतं तसं लांबून नेम धरणं वगैरे काही नाही. दोन्ही बाजू हाकेच्याच काय, हाताच्या अंतरावर होत्या. गावचा मार्शल व्हर्जिल अर्प हा म्होरक्या. त्याने शॉटगन डॉक हॉलिडेला दिली आणि त्याची काठी स्वतःकडे घेतली. हॉलिडेने ती आखूड दुनळी लांब कोटाआड धरली, म्हणजे रस्त्यावरच्या लोकांत घबराट नको. व्हर्जिल, त्याचे धाकटे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि हॉलिडे असे चौघेही एका ओळीत गेले. हे महत्त्वाचं: पाठीराखा शब्दशः पाठीमागे उभा राहिला तर त्याच्या नेमाच्या आड तुमचीच पाठ येते. तो बाजूला हवा, दोन पावलं सोडून.

वायट अर्पने जबानीत सांगितलं की समोर विरुद्ध टोळीतले बिली क्लँटन आणि फ्रँक मॅकलॉरी दोघेही असताना त्याने पहिली गोळी फ्रँकवर झाडली, कारण फ्रँकचा नेम पक्का म्हणून ख्याती होती. कोणाला आधी गाठायचं हे डोक्यात ठरवून उभा राहणारा माणूस जोडीला हवा. आईक क्लँटन निःशस्त्र होता, तो वायटच्या अंगाशी येऊन लटपटला. वायटने त्याला गोळी न घालता पळू दिलं. पोटरीत गोळी लागूनही व्हर्जिल झुंजत राहिला. माझं मत व्हर्जिलला. वायटचं नाव मोठं झालं, पण त्या दिवशीची शिस्त थोरल्याची होती.

तरी निवडीतली चूक त्याचीच. न्यायाधीश वेल्स स्पायसरने नोव्हेंबरअखेर सगळ्यांना सोडलं, पण व्हर्जिलने वायट आणि हॉलिडेला मदतीला घेणं अविचाराचं होतं असा ठपकाही ठेवला. हॉलिडेचं आदल्या रात्री आईकशी भांडण झालेलं, वायटने त्याच दिवशी टॉम मॅकलॉरीच्या डोक्यात पिस्तूल हाणलेलं. समोरच्याशी ज्याचं जुनं वैर आहे तो हत्यार काढून घ्यायला गेला की समोरच्याला ती अटक वाटतच नाही. वैर असलेला माणूस घरी ठेवा.

हत्यारं जुळवताना एक हिशेब पक्का लक्षात ठेवा. कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर सहा घरांचं, पण घोड्याखालचं (हॅमरखालचं) घर रिकामं ठेवायची रीत होती, नाहीतर धक्क्याने गोळी सुटायची. म्हणजे पाचच. रिकामी काडतुसं एकेक करून बाहेर ढकलायची आणि नवी एकेक करून भरायची. चालू चकमकीत ते जमत नाही. काळ्या दारूचा धूर चार-पाच बारांत समोरचं दिसेनासं करतो. त्यामुळे दोघांनी दोन रिव्हॉल्व्हर घेण्यापेक्षा एकाकडे दुनळी बरी. पाठलागावर मात्र विंचेस्टर १८७३ आणि तेच चव्वेचाळीस-चाळीस काडतूस खाणारं कोल्ट घ्या; १८७८ पासून ते मिळू लागलं. एकच पट्टा दोन्हींना पुरतो.

पाठलागाला डॉज सिटीच्या बॅट मास्टरसनची माणसं घ्या. ऑक्टोबर १८७८ मध्ये डोरा हँड या गायिकेच्या खुनानंतर शेरीफ बॅट, वायट, चार्ली बॅसेट आणि बिल टिल्गमन वगैरे पाच जण जिम केनेडीच्या मागे लागले. मागे धावण्याऐवजी त्याच्या वाटेवर पुढे जाऊन बसले. केनेडीच्या खांद्याला गोळी, घोडा मेला, माणूस जिवंत हाती. बास रीव्हजला इथे घ्यायचा मोह होईल. १८७५ पासून ३२ वर्षं इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) डेप्युटी मार्शल, लिहितावाचता येत नसल्याने वॉरंटं तोंडपाठ करणारा. पण रीव्हज म्होरक्या होता. त्याच्या हाताखाली तुम्ही जायचं, तो तुमच्या पाठीशी यायचा नाही.

पहाऱ्याचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि म्हणूनच सगळ्यात घातकी. २८ एप्रिल १८८१ ला न्यू मेक्सिकोतल्या लिंकनमध्ये पहारेकरी बॉब ओलिंजर इतर कैद्यांना घेऊन समोर जेवायला गेला, शॉटगन कोर्टाच्या इमारतीतच ठेवून. कैदेतल्या बिली द किड या कुख्यात गुंडाने दुसरा पहारेकरी जे. डब्ल्यू. बेलला मारलं आणि परतणाऱ्या ओलिंजरला त्याच्याच शॉटगनने खिडकीतून उडवलं. डॉज सिटीत बॅटचा भाऊ मार्शल एड मास्टरसनने एका दारुड्याचं पिस्तूल काढून घेतलं आणि त्याच्या मुकादमाकडे सोपवलं. थोड्याच वेळात ते परत दारुड्याच्या हातात आलं आणि एड गेला. काढून घेतलेलं हत्यार जोडीदाराकडेच जायला हवं, आणि झडती एका पिस्तुलावर थांबवू नका: १९२४ मध्ये सत्तरीच्या टिल्गमनला मारलं ते समोरच्याच्या दुसऱ्या पिस्तुलाने.

शेवटी चेहऱ्याची ओळख तपासा. १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट सम्नरला फरार बिलीच्या मागावर आलेला शेरीफ पॅट गॅरेट खोलीत आणि त्याचे साथीदार जॉन पो, किप मॅकिनी बाहेर होते. पोने बिलीला कधीच पाहिलं नव्हतं, म्हणूनच दिवसा त्याला गावात टेहळणीला पाठवलं होतं. रात्री बिली त्याच्या अगदी जवळून, स्पॅनिशमध्ये ‘कोण आहे’ विचारत खोलीत शिरला आणि पोने त्याला जाऊ दिलं. आतल्या अंधारात आवाज ओळखून गोळी झाडायचं काम गॅरेटला एकट्यानेच करावं लागलं.