जुना टाटा ट्रक ओळखायचाय? तोंड बघू नका, नंबर वाचा

भावांनो, जुनी गाडी बघायला गेला की पहिलं बोनेट आणि ग्रिल बघून मॉडेल ठरवू नका, कारण इतक्या वर्षांत केबिन, शो, बंपर सगळं कुठल्यातरी बॉडीवाल्यानं बदललेलं असतंय. मर्सिडीजचा तारा दिसला तर गाडी साधारण टाटा-मर्सिडीजच्या १९५४ ते १९६९ च्या करारातली, पण तारा नंतर पण बसवता येतो की. त्यामुळं चेसिस नंबर आणि इंजिन ब्लॉकवरचा नंबर हेच खरं, ते आरसीशी जुळवायचंच. घाण असली तर डिझेलच्या बोळ्यानं पुसा, वायर ब्रश हलका मारा, मग खडू घासून फडक्यानं वरवर पुसा, खोलगट आकडे पांढरे उठून दिसत्यात. ग्राइंडर अजिबात नको, आकडा गेला तर गाडीची ओळखच गेली!

मॉडेलचा आकडा १२१० म्हणजे ढोबळमानानं १२ टन आणि १०० हॉर्सपॉवरचा वर्ग, १६१२ म्हणजे १६ टन, १२० हॉर्सपॉवर. इंजिन मात्र वेगळं बघा, ६९२ मॉडेलचं इंजिन साधारण ४.८ लिटरचं, ६९७ चं जवळपास ५.७ लिटरचं, पिस्टन रिंगा एकमेकाला चालत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पार्ट शोधायला जाताना जुना पार्ट आणि त्यावरच्या कास्टिंग नंबरचा (ओतकामातच उमटलेल्या नंबरचा) फोटो दोन्ही न्या.