परराष्ट्र सेवेचा पर्याय पहिला लिहिण्याआधी

यूपीएससीची तयारी करणाऱ्यांच्या अभ्यासिकांत बोलायला गेलो की मुलं पहिला प्रश्न मुलाखतीचा विचारतात. मुलाखतीची तयारी करून घेणारे पुष्कळ आहेत. मी परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालो आहे, तेव्हा निवड झाल्यानंतर काय वाट्याला येतं, ते सांगतो.

मसुरीचा फाउंडेशन कोर्स, म्हणजे सगळ्या सेवांचं एकत्र सुरुवातीचं प्रशिक्षण, आणि दिल्लीचं प्रशिक्षण भराभर संपतं. खरं वळण येतं ते परकीय भाषा ठरते तेव्हा. प्रत्येकाला एक भाषा शिकावीच लागते. तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. भाषा निवडताना कोणतं शहर मिळेल याचा हिशोब अजिबात करू नका. शहर बदलतं, भाषा सोबत राहते. विजय गोखले चिनी शिकले. पुढे बीजिंगमध्ये राजदूत आणि २०१८मध्ये परराष्ट्र सचिव झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे जपानी शिकले आणि टोकियोपासून सुरुवात केली. मला अरबी मिळाली. कैरोत कळलं, की वर्गातली अरबी वर्तमानपत्राला पुरते, बाजारात वेगळीच बोलतात. ती बाजारातली मी हट्टाने शिकलो आणि आखातात तीच उपयोगी पडली.

तिथे माझ्याकडे कॉन्सुलर काम होतं, म्हणजे परदेशातल्या आपल्या नागरिकांच्या अडचणी आणि कागदपत्रं बघायचं. राजकीय विभाग मिळावा म्हणून नवे अधिकारी धडपडतात. माझं मत उलट आहे: सुरुवातीला कॉन्सुलर मागून घ्या. एखादा कामगार वारला की रुग्णालयाचा दाखला, पोलिसांची परवानगी, मालकाकडची थकबाकी, मृत्यूची नोंद, रद्द केलेला पासपोर्ट, विमानात जागा हे सगळं जुळेपर्यंत मृतदेह शवागारात असतो आणि गावाकडून रोज फोन येतात. पैसे नसतील तर २००९पासून इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड हा परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांसाठीचा सरकारी निधी आहे. आधी वर्गणी काढावी लागे. तुरुंगातल्या आपल्या नागरिकाला भेटायचा हक्क आपल्याला १९६३च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे, पण तुरुंगाच्या दारावर तो कलम दाखवून मिळत नाही. तिथल्या अधिकाऱ्याची आधीपासून ओळख लागते, त्याच्या भाषेत त्याच्या मुलाबाळांची चौकशी केलेली असावी लागते. वाटाघाटी म्हणतात त्या मी इथेच शिकलो. पुढे मोठ्या शिष्टमंडळांबरोबर बसलो, तेव्हाही हीच शिदोरी कामी आली.

पदांची नावं (थर्ड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, कौन्सेलर) पाठ करत बसू नका, ती आपोआप येतात.

घराचा विचार मात्र आधी करा. साधारण तीन वर्षांनी बदली होते. मुलांची शाळा बदलते, जोडीदाराची नोकरी बहुतेकदा सुटते. आईवडील आजारी पडले की तुम्ही दोन विमानं बदलून पोहोचता. माझ्या बायकोने तिचं शिकवणं सोडलं. त्याची भरपाई सरकार करत नाही. त्यामुळे अर्जात सेवांचा प्राधान्यक्रम भरण्याआधी घरच्यांना समोर बसवून हे सगळं सांगा, आणि लग्न ठरत असेल तर त्या व्यक्तीलाही.