उडायचं नाही, हे कसं ठरवायचं

धान कापणीच्या दिवसांत बाबा रात्रीचं जेवण झालं की अंगणात जाऊन उभे राहायचे. आभाळ बघायचे, वारा कुठून येतो ते गालावर घ्यायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, "उद्या कापनी बंद." सकाळी लख्ख ऊन पडायचं. शेजारच्या बांधीत विळे चालू व्हायचे. बाया दारात येऊन विचारायच्या, "काहून जी, आज नाही का?" तरी बाबा हलायचे नाहीत. कापून पसरलेल्या कडपा भिजून लोंबीला कोंब फुटलेले त्यांनी एका वर्षी पाहिले होते.

मी त्याच घरातली. आता गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवरून पोरापोरींना विमान शिकवते. उडवायला दोन-चार महिन्यांत सगळेच शिकतात. आपण होऊन न उडणं मात्र फार थोड्यांना जमतं, म्हणून माझी पद्धत इथे लिहून ठेवते.

पहिलं काम आदल्या रात्री, होस्टेलच्या खोलीत. वहीत पेनानं आपले आकडे लिहा. डोळ्यांनी बाहेर बघून उडायचं, ज्याला आपण व्हीएफआर म्हणतो, त्यासाठी नियमानं समोर किमान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे आणि ढगापासून उभं १००० फूट, आडवं दीड किलोमीटर अंतर पाहिजे. पण हा नियम पाच हजार तासवाल्याला तोच आणि काल पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्यालाही तोच. म्हणून शंभर तासांच्या आतल्यांना क्रॉस कंट्रीसाठी, म्हणजे दुसऱ्या गावापर्यंतच्या लांबच्या उड्डाणासाठी, मी असं लिहायला लावते: व्हिजिबिलिटी, म्हणजे दिसण्याचं अंतर, किमान ८ किलोमीटर, ढगाचा तळ जमिनीपासून किमान ३००० फूट, आडवा वारा झोतासकट १० नॉटच्या (तासाला १० सागरी मैलांच्या) आत, वाटेपासून २० सागरी मैलांच्या आत सीबी, म्हणजे गडगडाटी ढग, नको, आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी चाकं जमिनीवर. हे माझे आकडे आहेत, कायद्याचे नाहीत. तुमचे याहून कडक असले तर उत्तमच. पेनानं अशासाठी की पेन्सिलीचं सकाळी खोडता येतं.

आणि सकाळी खोडावंसं वाटतंच. युनिफॉर्म चढलेला असतो, विमानात तेल भरलेलं असतं, कमर्शियल लायसन्ससाठीचे २०० तास पुरे व्हायचे असतात, घरी कर्जाचा हप्ता चालू असतो. मग ५ किलोमीटरचा रिपोर्ट हातात आला की मन गुजरीत भाजी घेतल्यासारखं घासाघीस करायला लागतं. "पाच तं आहे ना, घंटाभरात सहा होऊन जाईल." रात्री खाटेवर बसलेल्या माणसाला ही घाई नसते. त्याचं ऐका.

सकाळी मेटार आणि टॅफ दोन्ही वाचा. मेटार म्हणजे आत्ताचं हवामान, टॅफ म्हणजे पुढचा अंदाज. मी आधी तापमान आणि दवबिंदूच्या जोडीवर बोट ठेवते. समजा तापमान २८ आणि दवबिंदू २४. फरक ४. त्याला ४०० नं गुणलं की १६०० फूट, साधारण तेवढ्यावर कापसासारख्या ढगांचा तळ. हाच फरक पहाटे १ वर आलेला असेल आणि वारा पडलेला असेल तर धुकं धरा. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे बोड्या, मामा तलाव आणि ओल्या बांध्या यांवर ते असं बसतं की वारा दाखवणारी कापडी पिशवी, विंडसॉकसुद्धा दिसत नाही. "दहापर्यंत फाटेल" म्हणून साडेआठला इंजिन चालू करू नका. फाटलं की करा.

मेटार मात्र विमानतळाचा असतो. मधल्या जंगलाचा, नदीचा, डोंगराचा कोणी देत नाही. त्यासाठी माझा एक गावठी उपाय आहे. नागपूरच्या वाटेवर तुमसरला माझी मावशी राहते. तिला फोन लावते आणि एवढंच विचारते, "मावशी, गच्चीवरून टाकी दिसते का?" पाण्याची टाकी तिच्या घरापासून किती लांब आहे ते मी एकदा मोजून ठेवलंय. "दिसून राहिली, पन धुवट आहे" एवढं ती म्हणाली की मला पुरतं. वाटेवर ओळखीचं माणूस नसेल तर जोडा.

धुवट, म्हणजे धुरकट. या शब्दापाशी थोडं थांबते, कारण माझी खोड याच हवेनं मोडली. मार्च महिना होता आणि माझे ११० तास झाले होते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून त्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि दुपारनंतर सगळ्या झाडीपट्टीवर निळसर धूर तरंगत राहतो. मी एकटीच नागपूरकडे निघाले. रिपोर्ट ५ किलोमीटरचा, म्हणजे कायद्यानं बरोबर. तिरोडा मागे पडलं, डाव्या अंगाला नागझिऱ्याचं जंगल. खाली बघितलं तर झाडन्‌झाड दिसत होतं, जाळाच्या नागमोडी रेघासुद्धा. समोर मात्र दूध. धुराचा थर असाच फसवतो. सरळ खाली नजर त्यातून थोडीच जाते, पुढे बघताना ती लांबच लांब त्याच धुरातून जाते. त्यात साडेचार वाजलेले आणि सूर्य बरोबर नाकासमोर.

मला वाटलं, खाली उतरावं, म्हणजे बरं दिसेल. खाली धूर जास्तच होता. शरीर सांगत होतं विमान सरळ आहे. बाजूच्या सीटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणीही सपाट होतं. नजर यंत्रांवर गेली तेव्हा डावा पंख २० अंश खाली आणि हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, २५० अंशांच्या जागी २१५. मी कधीची वळत होते आणि मला पत्ता नव्हता. बाटलीचं पाणी खोटं बोलत नव्हतं, बरं का. नीट वळणाऱ्या विमानात पाणी विमानाच्या तळाशी समांतरच राहतं. कानातल्या पाण्याचंही तसंच. वळण वीसेक सेकंद एकसारखं चाललं की कानातलं पाणी त्या गतीला धरतं आणि आपण सरळ आहोत असं वाटायला लागतं. मग पंख सरळ केले की उलटीकडे कलल्याचा भास होतो, आणि माणूस पुन्हा चुकीच्या बाजूला स्टिक दाबतो.

१९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात हे तपासून बघितलं गेलं. यंत्रांवर उडायचं शिक्षण नसलेले २० वैमानिक घेतले आणि बाहेरचं दिसणार नाही अशी सोय केली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. सर्वांत आधी ज्याचा सुटला तो २० सेकंदांत. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा विमान समुद्रात पडलं, तेव्हाही वादळ नव्हतं की पाऊस नव्हता. अंधार, पाणी आणि धुरकट हवा होती. चौकशीत निघालेलं कारण हेच, दिशाभ्रम.

तर क्षितिज हरवलं की करायचं काय? मान हलवू नका, बाहेर शोधाशोध नको. डोळे कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या यंत्रावर, पंख सरळ, इंजिनाची ताकद आहे तेवढीच. पाच सेकंद श्वास घ्या. आत्ताचं हेडिंग मोठ्यानं म्हणा आणि त्याच्या उलटचंही: २५०, म्हणजे ०७०. मग १५ अंशांच्या आसपास झुकवून वळा. सेकंदाला ३ अंश या चालीनं अर्धा फेरा बरोबर एका मिनिटात होतो. उंची सोडू नका. वळून झालं की पंख सरळ, आणि त्यानंतर टॉवरला सांगा. आधी विमान, मग बोलणं. मी वळले तेव्हा सूर्य पाठीमागे गेला आणि तोच धूर एकदम पातळ दिसायला लागला. बिरसीला उतरल्यावर सीटवरून उठायला मला वेळ लागला.

उंचीवरून आठवलं. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर आहे. यंत्रात २००० फूट दिसले म्हणजे बांधीपासून तुम्ही फक्त हजार फूट वर आहात, आणि उत्तरेला बालाघाटच्या डोंगरांकडे जमीन वर वर येत जाते. पावसाळ्यात ढगाखालून घुसत जाणारे इथेच फसतात: वरून ढग उतरतो, खालून डोंगर चढतो. ढगाचा तळ तुमच्या लिहिलेल्या आकड्याखाली गेला की वळा. "अजून दोन मिनिटं बघू" यातली दोन मिनिटं म्हणजे १२० सेकंद. वरचा १७८ चा आकडा आठवा.

मे महिन्याचं थोडक्यात. ४५ अंशांच्या दुपारी नागपूरच्या धावपट्टीवर विमानाला हवा ४८०० फुटांवर असल्यासारखी विरळ लागते, म्हणून धाव लांबते आणि चढण मरते. जड विमान घेऊन दुपारी निघूच नका. आणि अवकाळीचा ढग लांब दिसला तरी त्याचं वावधन, म्हणजे वादळी वारा, कितीतरी पुढे धावतं. २० सागरी मैल म्हणजे ३७ किलोमीटर, गोंदिया ते तिरोडा अंतराहून जास्त. एवढं लांब राहायला का सांगते, ते पत्रे उडालेल्या कुठल्याही गावाला विचारा.

माणसांचं ओझं हवामानाहून जड असतं. घरून फोन येतो, "झालं का आजचं?" बरोबरचा पोरगा तुमच्यापेक्षा बारा तास पुढे गेलेला असतो. यावर माझा उपाय साधा आहे. रद्द केलेलं उड्डाणही वहीत लिहायचं: तारीख, वेळ, कोणता आकडा मोडला. मी त्यावर सही करते आणि कारण विचारत नाही.

रद्द केल्यावर होस्टेलवर पळू नका. विमानाचं नाक वाऱ्याकडे करा, चाकांना ठोकळे लावा, स्टिक हलू नये म्हणून कंट्रोल लॉक घाला, वेग मोजणाऱ्या नळीवर पिटो कव्हर चढवा, दोन्ही पंख आणि शेपूट दोरानं बांधा, दोराला थोडी ढील ठेवा. गेल्या मे महिन्यात एका पोरानं असंच उड्डाण रद्द केलं आणि संध्याकाळपर्यंत आभाळात ढगाचा तुकडाही आला नाही. बाकीचे उडून, उतरून, चहा पिऊन गेले. तो दोर धरून उभा होता. म्हणाला, "मॅडम, काहीच तं आलं नाही."

"हो," मी म्हटलं. "तिकडच्या पंखाचा राहिला, तो बांध."